दोन देशांत शिजवलेला भात

मी कुकर बोलतोय. पाच लिटरचा, स्टीलचा, जाड बुडाचा.

तुम्ही म्हणाल, कुकर कुठं बोलतो, कुकर शिट्टी मारतो. कबूल. पण शिट्टी होण्याआधी आत किती उकळतं, ते बाहेरच्याला कळत नाही. मी तर पावणेतीन वर्षं दोन देशांच्या ओट्यांवर उकळतोय. जर्मनीचं पाणी प्यालो, स्वित्झर्लंडचंही प्यालो. या दोन शेजाऱ्यांत राहायला बरा कोण, असं कुणी विचारलं तर पेपर वाचून सांगणारे पुष्कळ भेटतील. मी शिजवून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. त्याची फारशी आठवण नाही. पत्रा दाबला, कडा वळवल्या, झाकण बसलं आणि खोक्यात गेलो. शहाणपण आलं ते जिंतूरला, महारुद्रप्पांच्या भांड्यांच्या दुकानात. वर्षभर मी तिथं वरच्या फळीवर होतो. आप्पा चौथी शिकलेले, पण चाळीस वर्षं गिऱ्हाईक वाचलेले. ते कुणालाही भांडं दाखवताना आधी उलटं करायचे आणि बुडावर बोट वाजवायचे. म्हणायचे, "चकाकतंय ते तोंड. जेवण शिजतंय बुडावर. लोक तोंड बघून घेतेत अन् बूड करपलं की मला शिव्या घालतेत." ही एक गोष्ट शिकून मी दुकानातून निघालो. पुढं दोन देश बघताना तीच उपयोगी पडली.

मला घ्यायला बोरीच्या केशरबाई आल्या होत्या. बरोबर त्यांची लेक धम्मशीला, घरची शीला. परभणीच्या एका दवाखान्यात पाच वर्षं नर्स होती. दोन वर्षं घासून जर्मन भाषेची परीक्षा पास झाली आणि तिकडच्या दवाखान्याचं बोलावणं आलं. कडेवर वर्षाची अर्पिता होती आणि ती फळीवरचे सगळे डबे मागत होती.

"आप्पा, ॲल्युमिनियमचा दाखवा, हलका ऱ्हाईल," केशरबाई म्हणाल्या. "इमानात वजन करतेत म्हणं."

"हलका घिऊन काय करताव? तिकडं चुली काचेच्या. ॲल्युमिनियम ठिवलं तर चूल वळख सुदिक दाखवणार न्हाई. ह्यो घ्या."

किंमत ऐकून केशरबाईंनी मला परत खोक्यात ठेवलं. "लेकीला धाडायलोय आमी परदेशात. तुमी तर मलाच इकायला काढलं."

"तुमाला लुटून जाऊ कुठं? बोरीची येष्टी माझ्या दुकानापुढूनच जाती."

शेवटी सौदा जमला. आप्पांनी दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी आपणहून खोक्यात टाकली. "तिकडं कुठं हिंडत बसंल पोरगी," म्हणाले.

निघताना शीलानं अर्पिताच्या कानात सांगितलं, "वर्षाच्या आत तुला अन् पप्पाला घिऊन जाते." केशरबाईंनी माझ्या पोटात येसर, काळा मसाला आणि तुरीची डाळ ठासून भरली. मी बॅगेत गेलो. परभणीहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान.

आता ही जागा कशी आहे ते ऐका. बोडनझे नावाचं एक प्रचंड तळं. त्याच्या काठावर जर्मनीचं कोन्स्टान्झ, आणि त्याला लागूनच स्वित्झर्लंडचं क्रॉइत्सलिंगेन. लागून म्हणजे एक गल्ली जर्मनीत संपते आणि पुढची स्वित्झर्लंडात सुरू होते. पाखरं इकडची काडी तिकडं नेतात, पण भाव, पगार, कायदे सगळे सीमेवर बदलतात.

शीलाला जर्मनीच्या बाजूला एक खोली मिळाली. पहिल्याच रविवारी मी तीन शिट्ट्या मारल्या आणि दारावर थापा पडल्या. शेजारच्या एर्नाबाई, वय चौऱ्याहत्तर, पायात घरातल्या सपाता, हातात आग विझवायला ओला केलेला टॉवेल.

"आग कुठं आहे?"

"आग नाही. भात आहे."

"भात ओरडतो?"

"डाळ तर जास्त ओरडते," शीला म्हणाली आणि त्यांना जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी एर्नाबाई काचेच्या वाडग्यात बटाट्याची कोशिंबीर घेऊन आल्या. आता आपल्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. काही नसेल तर चिमूटभर साखर टाकतात, पण रिकामं नाही. शीलानं वाडग्यात मुगाची खिचडी घालून दिली. एर्नाबाईंना वाटलं, हा पाहुणचार सुरूच आहे. त्यांनी केक घालून पाठवला. शीलानं धपाटे पाठवले. तिकडून सूप आलं, इकडून शिरा गेला. तीन महिने ते वाडगं दोन दारांमध्ये येरझारा घालत होतं. मी त्या काळात जितका शिजलो तितका लग्नघरातला हंडाही शिजत नसेल.

एक दिवस एर्नाबाई दारात उभ्या राहिल्या, जरा ओशाळलेल्या. "रागावू नकोस. एक विचारायचंय. तुमच्या देशात हे थांबवतात कसं? मला एवढे केक होत नाहीत आता."

"थांबवत नाहीत," शीला म्हणाली. "दोघींपैकी एक जाईपर्यंत चालतं."

"म्हणजे माझ्यावरच आलं म्हणायचं!" आणि म्हातारी अशी हसली की भिंतीला धरून उभी राहिली. पुढं ठरलं, महिन्यातून एकदाच वाडगं फिरवायचं.

जर्मनीचा हिशेब शीलाला पहिल्या पगारालाच कळला. पगाराच्या कागदावर वरचा आकडा आणि खालचा आकडा यांत इतकं अंतर, की तिला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा कागद आला. कर गेला, आजारपणाचा विमा गेला, म्हातारपणाचं पेन्शन गेलं. फोनवर नवरा बालाजी तर तडकलाच. "अगं, एवढं कापतेत? आपल्याकडं असं केलं तर मोर्चा निघंल!"

पण सहा महिन्यांनी शीलाचं अपेंडिक्स दुखलं. ऑपरेशन झालं, आठवडा पलंगावर, पगार चालू, आणि खिशातून पैसे गेले ते जेवणखाणापुरते. घरी येऊन ती मला घासताना म्हणाली, "कापलं ते कुठं जातंय ते आज कळलं." या देशात तुमचे पैसे तुमच्या आधी दवाखान्यात जाऊन तुमची वाट बघत बसतात.

सगळंच छान असंही नाही. जर्मनीची गाडी मिनिटावर येते, ही जिंतूरच्या स्टँडवर ऐकलेली गोष्ट. इथल्या गाड्याही उशिरा येतात, फक्त उशीर किती ते पाटीवर बिनचूक लिहितात. कचेरीत एका कागदाला दुसरा कागद लागतो. आणि घर! बालाजी आणि अर्पिताला आणायचं तर नियमानं मोठं घर पाहिजे. एकेका घराला चाळीस-पन्नास अर्ज. शीलानं वर्षभर अर्ज केले. वर्षाच्या आत नेते म्हणाली होती, ते वर्ष गेलं, दुसरंही सरलं. अर्पिता चालायला लागली, बोलायला लागली, ते सगळं शीलानं ओट्यावर मला टेकवलेल्या मोबाईलमध्ये पाहिलं. मी गरम असेन तर ती मोबाईल माझ्या खोक्याला टेकवायची.

शनिवारी मात्र जर्मनीत जत्रा. सीमेपलीकडचे स्विस लोक झुंडीनं खरेदीला यायचे. मटण, साबण, डायपर, दही, सगळं इकडं स्वस्त. पिशव्या भरायच्या, दुकानातून हिरवी चिठ्ठी घ्यायची, सीमेवर शिक्का मारायचा आणि जर्मनीचा कर परत मिळवायचा. शीलानं हे आप्पांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा आप्पा दुकानातल्या गादीवरून अर्धे उठले.

"कर परत देतंय सरकार? अन् लोक त्याच्यासाठी लाइनीत उभे?" मग त्यांना आजोबांची गोष्ट आठवली. निजामाच्या काळात जिंतूरच्या वरच्या अंगाला वऱ्हाडची हद्द, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नव्या मालावर कर लागायचा, वापरातल्या भांड्यावर नाही. "माझा आजा नव्या कोऱ्या घागरी आणायचा, बुडाला काजळी फासून, आत पाणी भरून. नाकेदार इचारायचा, काय हाय? तर, पियाचं पाणी हाय सायेब! आमी कर चुकवायला बूड काळं करून घेतलं, अन् ही मंडळी शिक्का मारून कर माघारी घिऊन जायलेत. शीला, ज्या देशाचे लोक भाजीला शेजारच्या देशात जातेत, तिथं पगार मोठा असंल, पण चूल महाग असंल. ध्यानात ठिव."

तिनं ध्यानात ठेवलं नाही. कारण त्याच महिन्यात पलीकडच्या दवाखान्यातून तिला नोकरी आली. पगार हातात येणारा जवळजवळ दुप्पट, तोही फ्रँकमध्ये.

बालाजीला आनंद झाला तो बोरीत मावेना. तो ITI झालेला इलेक्ट्रिशियन, बोरीत त्याचं पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानापुढं मित्रांची कायम बैठक. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. शीलाचा फोटो, मागं बर्फाचा डोंगर, आणि खाली, "बोरीची कन्या धम्मशीला यांची स्वित्झर्लंड येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". त्याखाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो, शीलापेक्षा मोठे. ती जर्मनीला गेली तेव्हा फ्लेक्स लागला नव्हता. स्वित्झर्लंड म्हणजे गावाच्या दृष्टीनं वेगळंच प्रकरण.

एक पेच मात्र होता. जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर जर्मनीचा राहण्याचा परवाना रद्द होतो. म्हणजे पलीकडं जाऊन सहा महिन्यांत ठरवायचं, कायमचं तिकडं की माघारी इकडं. आणि जिथं ठरेल तिथं अर्पिताला आणायचं. पोरगी तिसऱ्या वर्षाला टेकली होती. शीला मला म्हणाली नाही, पण केशरबाईंना फोनवर म्हणाली, "माय, आता चुकलं तर अजून दोन साल जातेत. पोरगी मला बाई म्हणंल, आई न्हाई."

झालं, मी पुन्हा बॅगेत. प्रवास बसनं पंधरा मिनिटांचा.

स्वित्झर्लंडबद्दल खोटं बोलणार नाही. सुंदर देश. दवाखान्यात एका नर्सकडं रोगी कमी. कुणी कुणावर ओरडत नाही. बस दिलेल्या मिनिटाला येते. शीला एकदा अर्धा मिनिट उशिरा पोचली तर बस गेलेली. वर्षातून चार-चार वेळा लोक मतदान करतात, रस्त्यापासून पेन्शनपर्यंत. कामाचे तास आठवड्याला जर्मनीपेक्षा तीन-साडेतीन जास्त, पण कुणी कुरकुरत नाही. इमारतीखाली कपडे धुण्याची खोली, तिथं प्रत्येकाचा वार ठरलेला. शीलाला दर दुसरा गुरुवार. दुसऱ्याच्या वारी एक मोजा धुतला तरी चिठ्ठी येते. माझ्या शिट्टीबद्दलही चिठ्ठी आली, फार सभ्य: "आपल्या स्वयंपाकघरातल्या आवाजाची आम्हाला सवय होत आहे. संध्याकाळी आठच्या आत झाला तर आभारी राहू." आठच्या आत झाला.

तिथंच माझी मूठ तुटली. शीला दुरुस्तीला घेऊन गेली तर दुकानदार म्हणाला, हात लावायचा खर्च नव्या कुकरएवढा. आप्पांनी परभणीहून निघालेल्या एका ओळखीच्याच्या हाती मूठ पाठवली, चाळीस रुपयांची, आणि शीलानं स्वतः स्क्रू पिळले. मला त्या दिवशी दोन्ही जगांचं मर्म कळलं. माणसाचा हात महाग असतो तिथं वस्तू फेकतात. माणसाचा हात स्वस्त असतो तिथं वस्तू जपतात. कुठल्या बाजूला राहायचं ते तुम्ही हात आहात की वस्तू, त्यावर आहे. मी वस्तू आहे, मला जिंतूर बरं. शीला हात आहे.

आता गोष्ट वळली ती मूठभर साखरेवर.

वरच्या मजल्यावर कोरिना नावाची बाई राहायची, दोन लहान मुलं. तिनं एकदा केकचा साचा भरून पाठवला. शीलानं साचा घासला, पुसला आणि रीतीप्रमाणे आत मूठभर साखर घालून परत दिला. अर्ध्या तासात कोरिना खाली हजर. हातात साखरेची पुडी, वर चिकटपट्टी, पट्टीवर शीलाचं नाव.

"तुमची साखर आमच्या साच्यात राहिली होती. एकेचाळीस ग्रॅम आहे. मी मोजली."

शीलाला हसू आवरेना. तिनं बाईला बसवलं आणि रीत समजावून सांगितली. कोरिना लाल झाली. "म्हणजे मी तुमची भेट वजन करून परत आणली?" मग दोघी हसल्या, आणि हसल्यावर माणूस बोलतो. कोरिना म्हणाली, ती शाळेत शिक्षिका होती. दुसरं मूल झाल्यावर नोकरी सोडली.

"एवढा पगार असताना?"

"पगार पाळणाघरालाच जात होता. एका मुलाचे दिवसाला शंभरावर फ्रँक. मुलं दोन. मी काम करून पाळणाघर पोसत होते."

"सरकार देत नाही?"

"थोडी सवलत असते. तुमच्या पगाराला तर फारच थोडी. चार वर्षांचं झालं की बालवाडी फुकट. पण दुपारी मूल जेवायला घरी येतं. घरी कुणी असलं पाहिजे."

दार लावून शीला ओट्याशी आली. मग तिनं आप्पांना फोन लावला.

आप्पांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "रुपयात मोजू नको बाई. रुपयात मोजलं की तिकडचा चहासुदिक सोन्याचा वाटतंय. निंदायला जाणारी बाई कशी मोजती? साडी किती दिसाची, चप्पल किती दिसाची. तसं मोज. किती दिस राबलं की काय येतंय. अन् भांडं उलटं करून बघ."

शीलानं फ्रिजवर कागद लावला, मधोमध रेघ. मी समोरच होतो, मला तोंडपाठ आहे. फूलगोबी जर्मनीत दहा मिनिटांच्या कामाची, स्वित्झर्लंडात नऊ. जीन्स तिकडं चार तासांची, इकडं तीनच्या आत. दोन खोल्यांचं घर जर्मनीत महिन्याचे नऊ दिवस खातं, इकडं साडेसहा. इथपर्यंत स्वित्झर्लंड जिंकत होतं, आणि शीलाचा हात भराभर चालत होता. मग विमा. जर्मनीत तो पगारातूनच गेलेला, आणि त्यातच नवरा-मूल फुकट. इकडं डोकी मोजून: तिघांचे चार दिवस. मग पाळणाघर. जर्मनीत अडीच दिवस. इकडं नऊ.

तिनं बेरीज केली. जर्मनीत साडेअकरा दिवस राबलं की तिघांचं छप्पर, औषध आणि पोरीची सोय. स्वित्झर्लंडात साडेएकोणीस. महिन्यात कामाचे दिवस एकवीस.

मग तिनं दुसरा हिशेब केला, एकटीचा. एकटी राहून गावाकडं पैसे पाठवायचे असतील तर? तेव्हा मात्र स्वित्झर्लंड पुढं, आणि लांब पुढं; कारण उरलेला प्रत्येक दिवस फ्रँकचा, तो बोरीत दुप्पट जड. म्हणजे दोन्ही देश खरे आहेत. एकट्याला पलीकडचा काठ, बिऱ्हाडाला अलीकडचा.

बालाजीला हे फोनवर सांगितलं.

"म्हंजी माघारी जर्मनीला?"

"हो."

"अगं, फ्लेक्स लागलाय."

"फ्लेक्सवर रहायचं हाय का आपल्याला?"

"तसं न्हाई गं. पर लोक काय म्हणतेल? पगार अर्धा करून घेतला म्हणतेल. अन् मी तिकडं येऊन काम करीनच की. दोघांचा पगार झाला तर?"

"तुमी तिथली भाषा शिकेपर्यंत, कागद पास होईपर्यंत साल जाईल. त्या सालभर मी एकवीसातले साडेएकोणीस दिस नुसते भाड्याला अन् पाळणाघराला राबू? अन् वरचं दीड दिस तेल-मिठाला?"

"मग मी घरी ऱ्हातो. पोरीला बघतो. पाळणाघर कट!"

"अन् परदेशात येऊन तुमी चार भिंतीत बसणार? तुमच्या दुकानापुढं बसणारे अकरा शुभेच्छुक तिकडं न्हाईत, बालाजी. भाषेच्या वर्गाला कधी जाणार?"

 मग केशरबाईंनी फोन ओढून घेतला. त्या एवढा वेळ बाजूलाच होत्या.

"शीला, मला तुजे आकडे कळत न्हाईत. एक सांग. लवकर कुठं नेशील पोरीला?"

"घर मिळालं तर जर्मनीत, माय."

"मग घर बघ. हितं ती माझ्याजवळ लय रमलीय. जितकी रमंल तितकी निघताना रडंल. अन् मी बी."

सहा महिने भरायला सव्वीस दिवस होते. घर मिळालं नाही तर इकडं काय, तिकडं काय. शीलानं एर्नाबाईंना फोन केला, नुसता घर बघून ठेवा म्हणायला. एर्नाबाई म्हणाल्या, त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावरचं बिऱ्हाड सुटतंय, पण मालकाकडं एकसष्ट अर्ज आलेत. बासष्टावा शीलाचा गेला. त्याला एर्नाबाईंनी आपल्या अक्षरात चिठ्ठी जोडली. ती मला नंतर वाचून दाखवली गेली, कारण शीला ती मोठ्यानं आणि पुन्हा पुन्हा वाचायची: "मी या घरात एकतीस वर्षं राहते. या बाईच्या घरातून आवाज येतो, तो भाताचा असतो. तिनं कधी माझं वाडगं रिकामं परत केलं नाही. भाडं तर ती देईलच."

मालकानं अकराव्या दिवशी हो कळवलं. जुन्या दवाखान्यानं तिला परत घेतलं. नर्सला कोण नाही म्हणतो? आम्ही सीमा ओलांडून माघारी आलो तेव्हा मुदतीला नऊ दिवस बाकी होते. कोरिना निरोपाला खाली आली. हातात तोच साचा होता आणि आत साखर होती. या वेळी मोजलेली नव्हती.

आता शीलाचा पुढचा बेतही सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की ती मोठा पगार कायमचा सोडून बसली. अजून दीडेक वर्षात तिला जर्मनीचा पक्का परवाना मिळेल. तो हातात आला की राहायचं अलीकडं आणि रोज कामाला जायचं पलीकडं, अशी वाट खुली होते. या काठावर हजारो लोक तेच करतात. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात नवं काय? परवडतंय तिथं चूल मांडावी अन् चालतंय तिथं दुकान." तोवर बालाजीची भाषा होईल, अर्पिता शाळेत जाईल. घाई नाही. जाड बुडाला उष्णता उशिरा लागते, पण धरून राहते.

घरातलं कुणी परदेशी निघालं, की आपण पहिलं विचारतो, पगार किती? विचारा, जरूर विचारा. मी दुकानात वाढलोय, पैशाला नावं ठेवणार नाही. पण त्याच्याआधी विचारा, ताटं किती मांडायची? एक ताट असेल तर एक देश, तीन असतील तर दुसरा. सगळ्यांना सारखाच चांगला असा देश मी पाहिला नाही, आणि मी दोन पाहिलेत.

बालाजी आणि अर्पिता गेल्या महिन्यात आले. गंमत म्हणजे जवळचा विमानतळ झुरिचचा, म्हणजे उतरले ते स्वित्झर्लंडातच. बालाजीनं तिथं उभं राहून पहिला फोटो काढला आणि बोरीला धाडला. "चला," म्हणाला, "फ्लेक्स खोटा न्हाई पडला. पाय तर लागले!"

घरात आल्यावर मात्र अर्पिता बापाच्या पायामागून निघेना. शीला खाली बसली, हात पुढं केले नाहीत, नुसती बसली. पोरगी तिच्या तोंडाकडं बघायची आणि पुन्हा लपायची. एर्नाबाई दारात येऊन गेल्या, तेव्हा एकदा हसली. जेवायला बसले तेव्हा बापाला चिकटून, पण ताट आईच्या समोर, एवढं जमलं. मऊ भात, वर तूप. दोन घास खाल्ले. भात संपला तशी शीला आणायला उठली.

"आई, फोन ठिवू नको!" अर्पिता ओरडली.

तिच्या लेखी आई दिसेनाशी होते ती फोन ठेवल्यावर. अडीच वर्षं तसंच होत आलं होतं.

शीला स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "न्हाई ठिवत," म्हणाली. "हितंच हाय. भात आणायलेय."

मग तिनं पळी नाही घेतली, वाटी नाही घेतली. फडक्यानं मलाच धरून उचललं आणि पोरीच्या ताटाशेजारी आणून ठेवलं, पुन्हा उठायला लागू नये म्हणून.